सुतकाची वस्त्रे

मकरसंक्रांतीच्या दिवशी बोरिवलीतील एखाद्या मराठी घरात नववधूला काळी चंद्रकळा नेसवून, अंगावर हलव्याचे शुभ्र दागिने घालून, हळदीकुंकवासाठी चौरंगावर बसविण्यात येते. आणि त्याच दिवशी, तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या आय. सी. कॉलनीतील एखाद्या कॅथलिक घरात, वडिलांच्या निधनाला वर्ष पुरे व्हावयाचे असल्याने काळ्याखेरीज दुसरा रंग अंगाला न लावणारी तिच्याच वयाची मुलगी प्रार्थनामंदिराकडे निघालेली असते. रंग एकच; एकीच्या सौभाग्याचा, दुसरीच्या शोकाचा. पश्चिमेकडील वर्सोव्याच्या कोळीवाड्यापासून पूर्वेकडील मुलुंडपर्यंत पसरलेल्या या उपनगरांत शेजारी शेजारी राहणाऱ्या समाजांचा शोकाच्या रंगाविषयी असा मुळीच एकमत नसलेला व्यवहार शतकानुशतके बिनतक्रार चालत आलेला आहे. असे असता ‘आपल्यात शोकाचा रंग पांढरा’ हे विधान आज मराठी माणूसही ज्या निःशंकपणे करतो, त्याला परंपरेचा आधार वाटतो तितका भक्कम नाही. महाराष्ट्रातील जुन्या वहिवाटीत रंगाला दुय्यम स्थान होते. वस्त्र कोणत्या रंगाचे यापेक्षा ते कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे शिवलेले की बिनशिवलेले, कोरडे की ओले, काठाचे की बिनकाठाचे, कोरे की वापरलेले, यावरच सारा कटाक्ष असे.

धर्मशास्त्रकारांनी आशौचाचा विचार शोकाच्या भावनेपासून अलिप्त ठेवून, जवळजवळ हिशेबी वृत्तीने केलेला आहे. मृताशी नाते किती पिढ्यांचे, त्यावर अशुद्धीची मुदत ठरावयाची. सातव्या पिढीपर्यंतचे सपिंड दहा दिवस बांधलेले, त्यापलीकडचे तीन दिवस, आणि दूरदेशी मृत्यूची वार्ता उशिरा पोहोचली तर नुसत्या स्नानानेही मोकळे होणारे, असा तो तपशील आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणास दहा, क्षत्रियास बारा, वैश्यास पंधरा व शूद्रास तीस दिवस असा वर्णभेदही त्यात घातला. परंतु महाराष्ट्रात प्रत्यक्ष वहिवाट बहुतेक सर्व जातींत दहा दिवसांचीच राहिली, यावरून ग्रंथ आणि गाव यांतील अंतर ध्यानात यावे. 1612 साली कमलाकरभट्टांनी काशीत सिद्ध केलेला ‘निर्णयसिंधु’ आणि 1790च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी रचलेला ‘धर्मसिंधु’ हे आपल्याकडील पुरोहितवर्गाचे नित्य हाताशी असलेले ग्रंथ होत. आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या साऱ्या पसाऱ्याचा जो साक्षेपी आढावा घेतला आहे, तो वाचल्यावर आशौचाची मुदत ही शोकाचे माप नसून नात्याचे माप आहे, याविषयी संशय उरत नाही.

या दहा दिवसांतील कर्त्याचा वेष पाहावा. शिवलेले वस्त्र वर्ज्य, कमरेला एक पंचा, खांद्यावर दुसरा, डोक्याला क्षौर, पायांत वहाण नाही, निजावयास गादी नाही, ताटात मीठ नाही. मृताच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्याने करावयाचे स्नान हे सचैल, म्हणजे अंगावरील वस्त्रासह, आणि पुढील विधी त्याच ओलेत्या पंचाने. पंचा पांढरा असतो हे खरे; पण तो पांढरा असतो तो बिनरंगी सुती कापड हे सर्वांत साधे व धुण्यास सोपे म्हणून. शोकाचे चिन्ह त्याच्या ओलेपणात आणि बिनशिवलेपणात आहे. शवावर घालावयाचे कापड कोरे मांजरपाट असते. मात्र मृत स्त्री सवाष्ण असेल तर तिला हिरवे लुगडे नेसवून, हातात हिरवा चुडा भरून, कपाळी मळवट लावून, ओटी भरून नेण्याचा प्रघात आजही उपनगरांतील स्मशानभूमींत, आंबोलीस काय किंवा बोरिवलीच्या दौलतनगरात काय, दिसून येतो. लग्नमंडपातील वस्त्र आणि तिरडीवरील वस्त्र येथे एकच होते. रंगच जर शोकाचा निदर्शक असता, तर ही गोष्ट संभवली नसती.

याच दृष्टीने चिनी समाजाचा दाखला फार उद्बोधक आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत शोकवस्त्राच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत निकटच्या, म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर मुलाने अत्यंत जाड्याभरड्या तागाचे, कडा न दुमडलेले वस्त्र घालावयाचे, आणि नाते जसजसे दूरचे तसतसे कापड अधिक तलम, शिवण अधिक नेटकी आणि मुदत अधिक आखूड. पित्यासाठी नावाला तीन वर्षांचा, प्रत्यक्षात सव्वादोन वर्षांच्या आसपासचा शोक. आणि अगदी दूरच्या चुलतभावासाठी तीन महिने. म्हणजे चीनमधील एखाद्या प्रेतयात्रेत शिरलेल्या परक्याला अंगरख्याच्या कडा पाहूनच कोणाचे मृताशी काय नाते आहे ते सांगता येत असे. आपल्या सपिंडांच्या गणिताचे हे जणू कापडात शिवलेले रूपच होय. फरक इतकाच की आपल्या शास्त्रकारांनी ते दिवसांत मांडले, चिन्यांनी शिवणीत.

सुतक संपताना मात्र वस्त्राची बाजू बदलते. दहाव्याचे पिंड कावळ्याने शिवले, बाराव्यास सपिंडीकरण झाले, तेराव्याचे गोडाचे जेवण उरकले, की सोयरेधायरे कर्त्याच्या अंगावर नवे वस्त्र घालतात. सासुरवाडीहून, मामाकडून, लेकीच्या घरून आलेल्या या आहेराला ‘दुखवटा’ म्हणतात. पूर्वी तो पागोटे-धोतराचा असे, पुढे टोपी-टॉवेलावर आला. घरचा वडील मुलगा असेल तर त्याच्या मस्तकी पागोटे बांधणे हा नुसता सांत्वनाचा उपचार नव्हता; आता घराचा कारभार याच्याकडे आला, ही पंचांसमक्ष केलेली नोंद होती. पेशवाईत हाच शिरस्ता राजकारणाच्या पातळीवर चाले. एखादा सरदार निवर्तला म्हणजे हुजुरातून त्याच्या वारसाकडे मातमपुर्सीची वस्त्रे रवाना होत, आणि ती पोहोचणे याचा अर्थ दौलत व सरंजाम त्याच्या नावे चालविण्यास सरकारची मान्यता आहे, असा घेतला जाई. म्हणून ती वस्त्रे केव्हा येतात, कोणाच्या नावे येतात, याकडे भाऊबंदांचे डोळे लागलेले असत. शोकाच्या निमित्ताने दिलेल्या कापडाने वारसाहक्काचा निवाडा व्हावा, यात आजच्या वाचकास विसंगती वाटेल. त्या काळच्या दफ्तराला ती वाटत नव्हती.

येथवर पुरुषाची कथा झाली. त्याचा पंचा तेराव्या दिवशी वाळत पडे आणि तो मोकळा होई. स्त्रीच्या बाबतीत, आणि विशेषतः वरिष्ठ जातींतील विधवेच्या बाबतीत, याच अवस्थावाचक वस्त्राची मुदत तिच्या स्वतःच्या मृत्यूपर्यंत वाढविण्यात आली. महाराष्ट्रातील ब्राह्मण विधवेचे वस्त्र पांढरे नव्हते. ते तांबडे होते. बिनकाठाचे, बिननक्षीचे, एकाच मंद तांबड्या रंगाचे ते आलवण, त्याच्या पदराखाली झाकलेले क्षौर केलेले मस्तक, अंगावर चोळी नाही, कपाळी कुंकू नाही, हाती बांगडी नाही, हे रूप एकोणिसाव्या शतकातील पुण्यात, आणि पार्ले-अंधेरीच्या पहिल्या पिढीच्या मराठी वसाहतींतही, घरोघरच्या स्वयंपाकघरात दिसत असे. उलट घरंदाज मराठा व इतर सरदार कुळांत वैधव्याचा वेष पांढरा. अहिल्याबाई होळकरांची दिनदर्शिकांवरील शुभ्रवस्त्रांकित मूर्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो वेगळा सांगावयास नको. कुणबी, आगरी, कोळी इत्यादी समाजांत तर पाट लावण्याची मोकळीक असल्याने विधवेच्या लुगड्याचा निराळा रंग ठरविण्याचे कारणच उत्पन्न झाले नाही. कुंकू, मंगळसूत्र व हिरवा चुडा गेला, एवढेच. एका मुलुखात, एका भाषेत, एकाच दुःखाचे तीन वेष, आणि त्यांची वाटणी जातीवार.

केशवपनाला तरी शास्त्राचा आधार होता काय? प्राचीन स्मृतींत विधवेच्या मुंडनाचे स्पष्ट विधान सापडत नाही. वादाच्या वेळी पुढे केले जाई ते स्कंदपुराणाच्या काशीखंडातील वचन. विधवेच्या वेणीचा बंध परलोकी पतीला बंधनकारक होतो, अशा आशयाचे. एवढ्याशा आधारावर लक्षावधी मुलींच्या मस्तकांवरून वस्तरा फिरला, हे आठवले म्हणजे पुराणवचनांच्या सामर्थ्याविषयी नव्हे, तर त्यांचा सोईस्कर उपयोग करणाऱ्यांच्या सामर्थ्याविषयी आश्चर्य वाटते. या प्रथेवर सुधारकांनी निबंध लिहिले, सभा भरविल्या, पण मला सर्वांत अन्वर्थक वाटतो तो 1890 सालचा मुंबईतील प्रकार. ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केस यापुढे आपण कापावयाचे नाहीत, असा निश्चय त्या लोकांनी केला. शास्त्रार्थ कोणी जिंकला, शंकराचार्य काय म्हणाले, याची वाट न पाहता ज्याच्या हाती वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवण्याची ही तजवीज. त्याच्या आधीच्या वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले होते. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी त्याच संस्थेतील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. या गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करता करता एके दिवशी स्वतःच केस राखण्याचा व आलवण टाकण्याचा निर्णय घेतला. त्यांनी ‘माझी कहाणी’ या आत्मवृत्तात तो प्रसंग लिहून ठेवला आहे. हा वेष आतून कसा वाटतो हे जाणून घ्यावयाचे असेल त्याने निबंधांपेक्षा त्या पुस्तकाकडे वळावे.

साष्टीतील, म्हणजे याच उपनगरांच्या बेटावरील कॅथलिकांच्या, काळ्या रंगाची हकीगत निराळी. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, अंधेरीस 1579 साली सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च उभे राहिले, मंडपेश्वराच्या लेण्यांवर मठ बांधला गेला, आणि येथील कोळी, आगरी, भंडारी, ब्राह्मण अशा अनेक जातींच्या लोकांनी धर्म बदलला. भाषा मात्र मराठीच राहिली, लुगडेही राहिले. त्यांच्या शोकात युरोपाचा काळा रंग आला. 1887 साली, महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, आणि ज्या राणीच्या सन्मानार्थ हे घडले ती स्वतः तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षे काळ्या वेषात होती. 14 डिसेंबर 1861 रोजी पती आल्बर्ट निवर्तल्यापासून 22 जानेवारी 1901 रोजी स्वतःच्या मृत्यूपर्यंत तिने काळे सोडले नाही. तिच्या अनुकरणाने इंग्लंडात शोकवस्त्रांचा मोठाच बाजार झाला. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1841 सालीच ‘जेज’ नावाचे केवळ शोकवस्त्रांचे प्रचंड दुकान निघाले होते. निस्तेज, सुरकुतलेल्या काळ्या रेशमी क्रेपवर कोर्टोल्ड घराण्याने अपार संपत्ती मिळविली. विधवेने किती महिने पूर्ण क्रेप वापरावा, केव्हा जांभळ्या-करड्यावर यावे, याची कोष्टके छापली गेली. निस्तेज यासाठी की चकाकी हा शोकाचा भंग मानला जाई. म्हणजे तेथेही निव्वळ काळा पुरेसा नव्हता; कापडाची अवस्था पाहावी लागतच होती.

आणि त्या काळ्याच्या राणीने आपल्या अंत्यविधीसाठी मात्र काळ्याला मज्जाव करून ठेवला होता. शवपेटिकेत तिला शुभ्र वस्त्र व विवाहप्रसंगीचे अवगुंठन घालण्यात आले. युरोपला पांढरा शोक अपरिचित नव्हताच. फ्रान्सच्या राजघराण्यातील विधवा राण्या शुभ्र वेष करीत, आणि अठरा महिन्यांत सासरा, माता आणि पती गमावलेल्या मेरी स्टुअर्टचे शुभ्र शोकवस्त्रातील चित्र प्रसिद्ध आहे. त्याच आधारावर 1938 साली मातेच्या सुतकात असलेल्या ब्रिटिश राणीला फ्रान्सच्या राजकीय भेटीसाठी नॉर्मन हार्टनेल या शिंप्याने आपादमस्तक शुभ्र पोशाख करून दिले. सुतकही राखले गेले आणि पॅरिसकरांची वाहवाही मिळाली. जपानने याच्या नेमके उलट केले: तेथे पांढरा शोक रूढ होता, तो मेइजी काळात पाश्चात्त्य दरबारांच्या अनुकरणाने काळा झाला.

आता घाटकोपर-मुलुंडकडे वळू. तेथील गुजराती, कच्छी व जैन वस्तीत मृत्यूनंतरची बैठक म्हणजे पूर्वी स्त्रियांचे छाती पिटून मरसिये म्हणणे असे. एकोणिसाव्या शतकातील गुजराती सुधारकांनी त्यावर टीकेची झोड उठविली आणि काळाच्या ओघात त्या गोंगाटाची जागा प्रार्थनासभेने घेतली. सभागृहात दोन तास भजन, पुरुष पांढऱ्या सदरा-लेंग्यात, स्त्रिया पांढऱ्या साडीत, आगतस्वागत नाही, आणि सभा संपताच सर्वांनी आपापल्या वाटेने जावयाचे. 1822 साली निघालेल्या ‘मुंबई समाचार’च्या मरणनोंदींच्या स्तंभांत तर अलीकडे याहूनही पुढचा मजकूर नित्य आढळतो: लौकिक व्यवहार बंद ठेवला आहे, चक्षुदान केले आहे. भेटीस येऊ नये हे सांगणारी जाहीर सूचना ज्या समाजाने शिष्टाचारात बसविली, त्याच्या व्यवहारदक्षतेला मी तरी मनातून दाद देतो. पारशी पायदस्तात, म्हणजे अंत्ययात्रेतही, वेष पांढराच. शवामागून जोडीजोडीने चालणारे लोक दोघांत एक पांढरा रुमाल धरून चालतात. परंतु तेथे शवावर घालावयाचे कापड कोरे नसते. ते वापरलेले, धुतलेले असावे लागते, कारण धडके नवे वस्त्र नाशास लावणे हा त्या धर्मात दोष आहे. आपल्या कोऱ्या मांजरपाटाच्या अगदी विरुद्ध टोक.

माझा तर्क असा की मराठी माणसाचा पांढरा शोक या शेजाराचा परिणाम होय. त्याला हिंदी चित्रपटाने हातभार लावला असावा, कारण पडद्यावरच्या स्मशानात सर्वजण एकाच परटाकडून आल्यासारखे शुभ्र दिसतात.

या पांढऱ्याला अपवाद ठरावा असा एक पांढरा उपनगरांत आहेच. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बौद्ध कुटुंबातील जलदानविधीस व पुण्यानुमोदनास लोक शुभ्र वस्त्रांत येतात, 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारे लाखोही शुभ्र वस्त्रांत असतात. परंतु 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षेच्या आनंदसोहळ्यात लोक याच वस्त्रांत जमले होते, आणि मंगलपरिणयातही वधूवर याच वस्त्रांत उभे राहतात. तो उपासकाचा वेष आहे, शोकाचा नव्हे. आणि बौद्धांचा वस्त्रविचार या भूमीला नवा नाही. बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांत भिक्षूंच्या चीवरासाठी दिलेल्या देणग्यांच्या नोंदी आहेत. तेथेच एका लांब कपारीत दिवंगत स्थविरांचे विटांचे स्तूप ओळीने उभे केलेले आहेत. कडक व्रत घेणाऱ्या भिक्षूने पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर वा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून, त्यांचेच चीवर शिवावयाचे असा नियम होता. मृताच्या अंगावरचे कापड जेथे इतर सर्वजण विटाळ म्हणून टाकतात, तेथे ते उचलून अंगावर घेणारा हा पंथ. आशौचाच्या साऱ्या शास्त्राला इतके मूक आणि इतके सडेतोड उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

उपनगरांतील राहणीने सुतकाचा संकोच केला, हे उघड आहे. पूर्वी मृत्यूची वार्ता पोस्टकार्डाने येई. त्यावर ‘श्री’ नसे, कोपरा फाडलेला असे, ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकावयाचे आणि स्नान करून घरात यावयाचे. आज वार्ता खिशातल्या दूरध्वनीवर येते, ती वाचणारा विरार लोकलच्या दाराशी लोंबकळत असतो, आणि सचैल स्नानाची सोय तेथे नाही. दहाव्यासाठी बाणगंगेला किंवा नाशिकच्या रामकुंडावर जाणारे अद्याप आहेत. पण तिसऱ्या दिवशीच सारे आटोपून चौथ्या दिवशी कचेरीत रुजू होणारेही पुष्कळ, आणि त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. दोन खोल्यांच्या घरात कर्त्याला वेगळे बसवावयास कोपराच नसेल, तर धर्मसिंधूचा इलाज चालत नाही.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असे परिपत्रक काढले. त्या यादीत आलवण नाही, केशवपनही नाही. कारण मनाई करण्याजोगे त्यांतले काही उरलेलेच नव्हते. मुली शाळेत शिक्षिका झाल्या, इस्पितळात परिचारिका झाल्या, टपालकचेरीत बसल्या, आणि मुंबईच्या गिरण्यांतील स्वस्त छापील पातळे त्यांच्या अंगावर आली, तेव्हाच ते तांबडे वस्त्र कोणत्याही ठरावाशिवाय बाजारातून नाहीसे झाले. दागिन्यांना आणि कुंकवाला मात्र ग्रामसभा भरवावी लागली.